हुरड्याच्या संध्याकाळी गरम मसाला वाइन: मसाला पाण्यात उकळा, वाइन नुसती तापवा

डिसेंबर-जानेवारीत मराठवाड्यात दिवसा ऊन टोचतं आणि दिवस मावळला की रानात हुडहुडी भरते. परभणीकडे तर पहाटेचा पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याच्या बातम्या वरचेवर येतात. हुरडा खाऊन झाल्यावर आगटीभोवती बसलेल्या मोठ्या माणसांसाठी गरम मसाला वाइन हा चांगला बेत आहे. जर्मनीत नाताळच्या बाजारांमध्ये ती ‘ग्लूवाइन’ म्हणून मिळते, स्वीडनमध्ये ‘ग्लॉग’ म्हणून. मसाले मात्र सगळे आपल्या डब्यातले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी नोंदींत भडोच बंदरात इटलीची वाइन उतरत असल्याचं लिहिलंय, आणि पैठण व तेर इथून त्याच बंदरात गाड्यांनी माल जात असल्याचंही. तेव्हा ही ओळख तशी जुनीच म्हणायची.

सगळ्यात जास्त बिघडतं ते एकाच कारणानं. वाइन आणि मसाले एकत्र भगुण्यात घालून चहासारखे उकळले जातात. अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं. त्याच्या आधीच वाइनचा स्वतःचा फळांचा वास वाफेबरोबर निघून जायला लागतो आणि मागे आंबट, तुरट पाणी उरतं. उलट दालचिनी, लवंग, सुंठ यांना अर्क सोडायला चांगली उकळी आणि दहा-बारा मिनिटं लागतात. दोघांच्या गरजा वेगळ्या, म्हणून काम दोन टप्प्यांत करायचं. आधी मसाल्याचा पाक, मग त्यात वाइन.

काय घ्यायचं (साधारण आठ कप)

लाल ड्राय, म्हणजे गोड नसलेल्या, वाइनची एक बाटली (७५० मिली), पाणी २०० मिली, चिरलेला गूळ ६० ग्रॅम म्हणजे अंदाजे अर्धी वाटी, बोटभर लांबीची दालचिनी, ६ लवंगा, ३ हिरव्या वेलच्या, एक चक्रीफूल, ५-६ काळे मिरे, सुंठेचा पेराएवढा तुकडा, एका संत्र्याच्या सालीच्या दोन पट्ट्या आणि एका मोसंबीचा रस (६० ते ८० मिली).

वाइन महागाची घेऊ नका. मसाला आणि गूळ पडल्यावर भारी वाइनचे बारकावे कळतही नाहीत. नाशिककडची शिराझ किंवा झिनफॅन्डेल, साध्या किमतीतली, पुरेशी आहे. फक्त लाकडी पिंपात मुरवलेली फार तुरट वाइन टाळा, कारण तापवल्यावर तुरटपणा जास्त जाणवतो. ‘पोर्ट’ नावानं मिळणारी गोड वाइन आणली असेल तर गूळ २० ग्रॅमच घ्या. साठ घातला तर काकवीसारखं गोड होईल. दुकानात परवान्याचंही विचारून घ्या. आपल्या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो आणि तो एका दिवसाचाही मिळतो.

गुळाची चव आधी जिभेवर बघा. खारट लागणारा, फार पिवळाधमक गूळ नको, तो खारटपणा पेयात उतरतो. गडद तांबूस, साधा गूळ वाइनच्या रंगाशीही जुळतो. गूळ नकोच असेल तर तेवढीच साखर चालते. चव स्वच्छ येते, पण खमंगपणा जातो.

मसाला सगळा अख्खा. पूड घातली तर पेय गढूळ होतं, तळाशी चिखल बसतो आणि शेवटचा घोट घशात अडकतो. काळा मसाला करणाऱ्या हाताला इथे थोडं आवरावं लागतं. सहा लवंगा कमी वाटतात म्हणून बारा घातल्या की जीभ बधिर होते आणि बाकी काही लागत नाही. आपल्या किराणा दुकानात मिळणारी जाड सालीची दालचिनी तिखट असते, म्हणून एकच तुकडा. चक्रीफुलाचंही तसंच, दुसरं घातलं की बडीशेपेचं औषध प्यायल्यासारखं वाटतं.

भांडं

स्टीलचं भगुणं घ्या. वाइन आंबट असते. ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ती तापवली तर धातू पेयात उतरतो. नुसती चव बिघडण्याची ही गोष्ट नाही, कळकलेलं पोटात जाणं धोक्याचं आहे. रानात जायचं असेल तर आदल्या दिवशीच भांडं बघून ठेवा. तिथे पोचल्यावर हाताला लागेल ते भांडं वापरलं जातं.

पाक

दालचिनी, लवंग, वेलची, मिरे आणि सुंठ खलबत्त्यात एकदाच ठेचा, नुसती तडकतील इतपत. चक्रीफूल अख्खंच राहू द्या. भगुण्यात पाणी आणि सगळा मसाला घालून उकळी आणा, मग आच मंद करून झाकण ठेवून दहा मिनिटं उकळू द्या. गूळ घाला. तो विरघळला की वर मळी येते, ती चमच्यानं काढून टाका.

आता संत्र्याची साल. वरची नारिंगी बाजूच हवी. आतला पांढरा भाग सुरीनं खरवडून काढा, कडूपणा तिथेच असतो. साल शेवटची पाच मिनिटंच पाकात राहू द्या. पंधरा मिनिटं उकळलेली साल सगळं भगुणं कडू करते आणि कितीही गूळ घातला तरी ते झाकत नाही.

पाक आटून दीडशे मिलीच्या आसपास राहील. तो स्वच्छ मलमलच्या फडक्यातून गाळा. गुळातली बारीक कचकच गाळणीतून निसटते, म्हणून फडकंच. एक चमचा पाक चाखून पाहा. मसाला या टप्प्याला जहाल लागला पाहिजे, कारण त्यात पाचपट वाइन पडणार आहे.

वाइन तापवणं

गाळलेला पाक धुतलेल्या भगुण्यात घ्या, बाटली ओता, मंद आच ठेवा. ६५ ते ७० अंश हे आपलं ठिकाण. थर्मामीटर नसेल तर डोळ्यांनी कळतं: वर वाफ धरते, तळाशी आणि काठाला मोहरीएवढे बुडबुडे दिसतात, पण पृष्ठभाग हलत नाही. बुडबुडे वर येऊन फुटायला लागले की उशीर झाला, लगेच खाली उतरवा. गॅसवर एका बाटलीला आठ-दहा मिनिटं लागतात. मोठी आच करून हे काम चार मिनिटांत उरकू नका. तळची वाइन उकळते आणि वरची कोमट राहते.

मोसंबीचा रस आच बंद केल्यावर, बिया काढून घाला. जालन्याची मोसंबी गोड असते, पण तिचा रस तापवला किंवा नुसता ठेवला तरी काही वेळानं कडसर होतो. म्हणूनच रस शेवटी पडतो आणि तयार पेय तासाभरात संपवायचं असतं. शेवटी चव घ्या. आंबट लागलं तर गुळाचा खडा, फार गोड झालं तर लिंबाचे पाच-सहा थेंब.

काही जण वरून रम किंवा ब्रँडी घालतात. माझ्या मते गरज नाही. घालायचीच असेल तर भांडं आचेपासून दूर नेऊन, बाटलीमागे दोन मोठे चमचे. पेटत्या चुलीवर रमची बाटली ओतायची नाही, वाफ पेट घेते.

रानात करताना

आगटीत गोवऱ्यांचा धूर असतो. हुरड्याला तो शोभतो, वाइनला नाही. झाकण काढू नका आणि भांडं जाळावर न ठेवता बाजूला ओढलेल्या निखाऱ्यांवर ठेवा. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे मोठ्या भगुण्यात गरम पाणी आणि त्यात लहान भगुणं. पाणी उकळू न देता गरम ठेवलं की वाइन हवी तितकीच गरम राहते. सगळ्यात सोपं, पाक घरीच करून गाळून बाटलीत न्यायचा. किंवा सगळंच घरी ७० अंशांपर्यंत तापवून, आधी उकळत्या पाण्यानं खळबळलेल्या थर्मासमध्ये भरायचं, आणि मोसंबी तिथे पिळायची.

वीस-बावीस माणसं असतील तर तीन बाटल्या लागतात. गूळ आणि पाणी तिप्पट करा, मसाला दुप्पटच. लवंगा बारा, चक्रीफुलं दोन, दालचिनी दोन तुकडे. मोठ्या घाण्यात मसाला तिप्पट घातला की हमखास जड होतो.

कप लहान, सव्वाशे मिलीचे घ्या. स्टीलचा पेला ओठ भाजतो, पातळ काचेचा तडकतो. चिनी मातीचा कप बरा. लसणाच्या झणझणीत चटणीबरोबर ही वाइन घशाला जास्त जाळते. त्यापेक्षा भाजलेले शेंगदाणे, रेवड्या किंवा खोबऱ्याचे काप ठेवा.

एका कपात साधारण नऊ ग्रॅम अल्कोहोल असतं, आणि गरम-गोड असल्यामुळे दुसरा, तिसरा कप कधी रिकामा झाला ते कळत नाही. शेतातून मोटारसायकलवर गावी परतणाऱ्याला एकही कप देऊ नका. अंगात ऊब आल्यासारखी वाटते ती कातडीकडे रक्त धावल्यामुळे; शरीर उलट उष्णता गमावत असतं, म्हणून घोंगडी अंगावर राहू द्या. तापवल्यावर अल्कोहोल उडून गेलं असेल असंही समजू नका. बरंच शिल्लक राहतं, त्यामुळे मुलं आणि गरोदर बायका यांच्यासाठी हे पेय नाही.

त्यांच्यासाठी वेगळं भगुणं लावा. ७५० मिली काळ्या द्राक्षांचा किंवा डाळिंबाचा रस आणि वाइनचा तुरटपणा यावा म्हणून १०० मिली कोरा, कडक चहा. पाक तोच, फक्त गूळ न घालता, आणि मोसंबीऐवजी अर्धं लिंबू. हा रसही उकळायचा नाही, उकळला की ताजेपणा जाऊन शिजका वास येतो. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात पूजा असते, त्या दिवशी सगळ्यांसाठी हेच करावं.

मोसंबी पिळायच्या आधीची वाइन उरली तर गार करून बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. दोन दिवस टिकते, आणि मंद आचेवर एकदाच परत तापवावी.