म्हाताऱ्या कुत्र्याला निरोप कसा द्यावा

मागचे पाय ओढायला लागले, डोळ्यांवर निळसर साय आली, रात्री उगाच घरभर फिरून भुंकायला लागला की घरातल्या सगळ्यांना कळतं. बोलत मात्र कुणी नाही. माझं कळकळीचं सांगणं आहे, बोलायला तेव्हाच बसा. मध्यरात्री, धाप लागलेल्या जिवासमोर घाईत घेतलेला निर्णय घरच्यांना पुढे वर्षानुवर्षं टोचत राहतो.

सुरुवात भिंतीवरच्या कॅलेंडरपासून करा. रोज रात्री एक खूण करायची, दिवस बरा गेला की वाईट. बरा म्हणजे काय, ते घराने ठरवावं: दाराशी आला, दूध-भाकरी आपण होऊन खाल्ली, बसल्या जागी लघवी झाली नाही. अमेरिकेतल्या पशुवैद्य डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी 2004 मध्ये सात मुद्दे दिले: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि चांगल्या दिवसांचं प्रमाण. प्रत्येकाला 0 ते 10 गुण द्यायचे. त्रास जितका कमी, तितके गुण जास्त. बेरीज 35 च्या वर असेल तर सेवा चालू ठेवण्यात अर्थ आहे. घरातल्या प्रत्येकाने वेगळे गुण द्यावेत. आजी जास्त देईल, रात्री उठून लादी पुसणारा कमी देईल, दोघांचंही ऐका.

‘शेपूट हलवतोय ना, मग ठीक आहे’ यावर विसंबू नका. दुखत असलं तरी कुत्रं माणूस दिसला की शेपूट हलवतं. बसल्या बसल्या धापा टाकणं, सारखी कूस बदलणं, एकच सांधा चाटत राहणं, ही दुखण्याची लक्षणं. पण म्हणून घरातली ब्रुफेन देऊ नका. कुत्र्याच्या पोटात तिने अल्सर होतो, किडन्या जातात. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जिवावर बेतते. दुखण्यावरचं औषध डॉक्टरांकडूनच घ्या.

त्रासातून सोडवण्यासाठी मरण देणारं इंजेक्शन द्यायचं ठरलं तर डॉक्टरांना दोन गोष्टी आधी विचारा: घरी याल का, आणि आधी गुंगीचं औषध देता का. दुसऱ्याबद्दल आग्रह धरा. गुंगी चढली की पुढच्या पायाच्या शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस जातो आणि बहुधा काही मिनिटांतच हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात. लघवी होते, अंग थरथरतं, कधी एखादा खोल श्वास ओढल्यासारखं दिसतं. तोवर तो गेलेला असतो, त्याला काही जाणवत नाही. पण हे आधी ठाऊक नसलेला माणूस हादरतो.

जमेल त्याने जवळ थांबावं. त्याच्या रोजच्या चादरीवर, डोक्याशी बसा, कानामागे खाजवा, घरात हाक मारता त्याच नावाने बोला. रडू आलं तर येऊ द्या.

मुलांना ‘झोपवलं’ किंवा ‘गावाला गेला’ असं सांगू नये. एक मूल झोपायला घाबरतं, दुसरं वाट पाहत बसतं. तो मेला, आता येणार नाही, हे जवळ घेऊन सरळ सांगा.

काही तासांत शरीर ताठ होतं, म्हणून पाय लगेच पोटाशी दुमडून ठेवा. खाली प्लास्टिक आणि जुनी चादर घाला, उन्हाळा असेल तर बर्फाच्या पिशव्याही ठेवा. मुंबई महापालिकेने 2023 मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दाहिनी सुरू केली. इतर शहरांत काय सोय आहे, ते डॉक्टरांना किंवा पालिकेत आधीच विचारून ठेवा.

गावी स्वतःच्या जागेत पुरणार असाल तर खड्डा किमान 3-4 फूट खोल हवा, विहीर, बोअर आणि ओढ्यापासून लांब. वर मोठे दगड रचा. इंजेक्शनने गेलेल्या जनावराच्या बाबतीत तर यात कसूर नकोच, कारण ते औषध मांसात टिकून राहतं आणि उकरून खाणारं कुत्रं किंवा कोल्हा त्याने मरू शकतो.

घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याला शरीर हुंगू द्या. पुढचे काही दिवस ते कमी खाईल, दाराशी बसेल. फिरायची नि जेवणाची वेळ मोडू नका. दोन दिवस अन्नाला तोंडच लावलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.