पाण्याचे रॉकेट: मैदानावर निघण्यापूर्वी

मुलांबरोबर रॉकेट करायचे ठरले, तरी दारू भरून इंजिन घरी बनवण्याच्या भानगडीत पडू नये. विनापरवाना स्फोटके बनवण्यास 1884 च्या कायद्याने मनाई आहे आणि बोटे दहाच असतात. शीतपेयाच्या बाटलीत पाणी आणि दाबलेली हवा भरून उडवायचे रॉकेट पुरेसे उंच जाते. त्यासाठी घरातून न्यायची पहिली वस्तू म्हणजे पाणी, आणि ते पिण्याच्या पाण्याव्यतिरिक्त.

बाटली दोन लिटरची, फसफसणाऱ्या पेयाचीच घ्यावी, कारण ती आतला दाब सोसण्यासाठी बनवलेली असते; साध्या पाण्याची पातळ बाटली कितीही हाताशी असली तरी चालत नाही. चरे पडलेली किंवा चुरगळलेली बाटली बाद समजावी. उडताना तोंड खाली असते, तेव्हा सनबोर्डचे तीन-चार पंख तोंडाकडच्या बाजूला, तेही चिकटपट्टीनेच लावावेत. ग्लू गनच्या उष्णतेने बाटली आकसते आणि नेमकी तिथेच कमजोर होते, म्हणून "थोडासाच लावतो" या विनवणीला बधू नये. नाकाचा शंकू प्लॅस्टिकच्या जुन्या फाइलचा करून टोकात मातीचा गोळा बसवावा. रिकाम्या रॉकेटचा तोल जिथे साधतो तिथे दोरी बांधून ते गरगर फिरवावे: नाक पुढे राहिले तर ठीक, वेडेवाकडे फिरले तर माती वाढवावी. ही चाचणी टाळली, तर रॉकेट वर जाण्याऐवजी हवेत कोलांट्या खाते.

पंप दाबमापक असलेलाच हवा. पंक्चरवाल्याकडून स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आणून रबरी बुचात बसवावा. साध्या सायकलचा व्हॉल्व्ह वेगळा असतो आणि पंपाचे तोंड त्याला बसेलच असे नाही, म्हणून जोडणी घरीच तपासावी. पंपाची नळी आखूड असेल तर वाढवून घ्यावी.

आता पुन्हा पाणी. बाटलीचा सुमारे एक तृतीयांश भाग भरायचा, कारण पाणी कमी पडले तर मागे फेकायला वस्तुमान उरत नाही आणि जास्त झाले तर दाबाची हवा मावत नाही. म्हणजे प्रत्येक उड्डाणाला साडेसहाशे-सातशे मिलिलिटर पाणी जमिनीत मुरते, आणि पाच लिटरचा कॅन सात उड्डाणांत रिकामा होतो. दोन मुले असतील तर तेवढ्यात भांडणही मिटत नाही. मैदानावर नळ असेलच या भरवशावर निघू नये. नळ असतो, त्याला पाणी नसते. वीस लिटरचा कॅन आदल्या रात्री भरून दाराला टेकवून ठेवावा, म्हणजे तो ओलांडल्याशिवाय बाहेर पडता येणार नाही. नरसाळेही न्यावे.

जागा मोकळी, विजेच्या तारांपासून लांब. गच्ची नको. बूच मनात येईल तेव्हा सुटते, म्हणून पंप मारू लागल्यावर रॉकेटवर कोणीही वाकायचे नाही. मोठ्यांनी स्वतः पंप मारावा, मुलांना पंधरा-वीस पावले मागे ठेवावे आणि 60 पीएसआयला थांबावे. बूच अडकले तर आधी पंपाकडून हवा सोडावी, मगच जवळ जावे. खाली येणारे रॉकेट झेलू देऊ नये. टोपी, चपलांऐवजी बूट, बदलायचे कपडे. आणि कॅन गाडीत ठेवला का, ते एकदा बघून यावे.