पिकअप लोड ओढत नाही? इंजिन उतरवण्याआधी हे तपासा

पाऊस ओसरला, सोयाबीनची मळणी सुरू झाली, टोमॅटोचे क्रेट भरायला लागले. पावसाळाभर गोठ्याच्या कडेला उभी असलेली डिझेल पिकअप आता रोज बाजार समितीची वाट धरणार. नेमक्या याच दिवसांत गॅरेजमध्ये एक तक्रार सारखी ऐकू येते: गाडी स्टार्ट होते, रिकामी बरी पळते, पण माल भरला की दमते. यावर ठरलेलं उत्तर मिळतं, ‘इंजिन बसलंय, काम करावं लागेल.’ गाडी दहा-पंधरा वर्षांची असली की मालकालाही ते पटकन पटतं. पण इंजिन खरोखर झिजतं ते हळूहळू, वर्षा-दोन वर्षांत. पावसाळ्यानंतर अचानक आलेला अशक्तपणा बहुतेक वेळा डिझेलच्या टाकीत, फिल्टरमध्ये नाहीतर ब्रेकच्या ड्रममध्ये सापडतो. म्हणून खंडेनवमीला गाडीला हार घालण्याआधी अर्धा दिवस काढा आणि स्वस्तापासून महागाकडे तपासत जा.

आधी गाडी खरंच कमजोर झाली आहे का, ते ठरवा. त्यासाठी रोजचा, ओळखीचा एक चढ धरा. लोड तोच, गिअर तोच. एरवी तिसऱ्यात निघणारा चढ आता दुसऱ्यात निघतो का, एवढंच बघायचं. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचा दोष उशिरा कळतो, कारण मालाचा रस्ता उताराचा असतो. नाशिकची गाडी वाशीला भरून जाते ती कसारा घाट उतरत. चढायची वेळ येते तेव्हा मागे रिकामे क्रेट असतात. सासवडकडून पुण्याला दिवे घाटाने येणाऱ्या सीताफळाच्या गाड्यांचंही तेच. रिकाम्या क्रेटवरही घाटात गिअर उतरवावा लागत असेल, तर दोष किरकोळ नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवाल्यांचा हिशेब थोडा वेगळा. तिथे हवाच समुद्रकाठापेक्षा साधारण आठव्या हिश्श्याने विरळ असते. टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं इंजिन तिथे थोडं दमणार आणि थोडा काळा धूर टाकणारच. त्यासाठी मिस्त्रीला पैसे मोजू नका.

पुढची पायरी लोक हमखास गाळतात. इंजिन ताकद देतंय, पण ती चाकापर्यंत पोचतच नाही, असंही असतं. चिखलापाण्यातून फिरून उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेक अडकतात, हँड ब्रेकची केबल गंजून परत येत नाही. पाच-सहा किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरत चालवा, सपाटीवर थांबा आणि चारही चाकांजवळ हात न्या. ड्रमला थेट हात लावू नका, भाजेल. एखादंच चाक जास्त तापलेलं लागलं तर चोर सापडला. जॅक लावून ते चाक हाताने फिरवून खात्री करा; जॅक लावताना बाकीच्या चाकांना दगड लावायला विसरू नका. क्लचची खूण वेगळी: रेस दिली की इंजिनचा आवाज चढतो, गाडीचा वेग मात्र तेवढाच राहतो, आणि चढावर करपट वास येतो. ही दोन्ही कामं इंजिनच्या खर्चापुढे किरकोळ आहेत.

मग रेसचं पॅडल. एकाला पॅडल पूर्ण दाबायला सांगा आणि बॉनेट उघडून इंजिनच्या डिझेल पंपावरचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का ते बघा. केबल सैल पडली असेल, किंवा पॅडलखाली मॅट दुमडून बसली असेल, तर तुम्ही गाडी पाऊण रेसवरच चालवत आहात. इंजिन बंद ठेवूनच हे बघायचं.

यानंतर धूर. लोडवर, चढाला, मागून दुसऱ्या गाडीवरून कुणाला तरी बघायला सांगा. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडतेय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर डिझेल नीट जळत नाही: नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग), टायमिंग (ते फवारण्याची वेळ) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब). पाणी हळूहळू कमी होत असेल तर हेड गॅस्केटही. निळसर धूर ऑइलचा. आणि ताकद नाही, तरी धूरही नाही? ही खूण सगळ्यात कामाची. इंजिनला डिझेलच पुरत नाहीये. पावसाळ्यानंतर हेच जास्त दिसतं, म्हणून इथे थोडं थांबू.

शेतावर डिझेल कॅनमधून येतं. पाण्याच्या पंपाला, ट्रॅक्टरला आणलेलं बॅरलमधलं डिझेल पिकअपमध्येही ओतलं जातं. बॅरल पावसात उघड्यावर असतो, झाकणावर पाणी साचतं. शिवाय अर्धी रिकामी टाकी महिनोन् महिने उभी राहिली की आतल्या दमट हवेचं पाणी होऊन तळाला बसतं, कारण पाणी डिझेलपेक्षा जड. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्म जीव वाढतात आणि काळपट बुळबुळीत साका तयार होतो. तो फिल्टर पार बुजवून टाकतो. फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि पहिलं डिझेल काचेच्या बाटलीत धरा. थोडा वेळ स्थिर ठेवा. खाली पाण्याचा थर दिसला की स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा. साका दिसला तर नुसता फिल्टर बदलून भागणार नाही. टाकी उतरवून धुवावी लागेल, नाहीतर नवा फिल्टर पंधरवड्यात पुन्हा भरेल.

फिल्टर तुंबल्याची चाल ओळखता येते. गाडी निघताना चांगली निघते, चढावर जोर लागला की मरगळते, बाजूला घेऊन दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालते. असं झालं की लगेच टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी सुधारली, तर झाकणाचं हवेचं छिद्र चिखलाने बुजलंय. तारेने साफ करण्याचं काम. नवा फिल्टर बसवताना त्यात कॅनमधलं डिझेल वरून ओतू नका. न गाळलेला कचरा थेट पंपात जातो. डिझेल लाइनवरचा हँड पंप मारून भरा आणि एअर, म्हणजे आत अडकलेली हवा, काढा. तांब्याचे वायसर जुनेच परत लावू नका.

एअर घेणारी गाडी फसवते, कारण पाइप गळताना दिसत नाही. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतलं डिझेल खेचणाऱ्या छोट्या पंपापर्यंतचा) पाइप ओढणारा असतो. त्याला चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो, मग चालते. फीड पंपाआधी थोडा वेळ पारदर्शक पाइप जोडून बुडबुडे दिसतात का ते बघा. तरीही संशय फिटत नसेल, तर स्वच्छ डिझेलचा छोटा कॅन घट्ट बांधून त्यातून थेट फीड पंपाला डिझेल द्या आणि एक फेरी मारा. कॅन सायलेन्सरपासून लांब हवा, आणि जवळपास विडी-काडी नको. गाडी सुधारली तर दोष टाकी आणि लाइनमध्ये. पंप निर्दोष.

काळ्या धुराच्या गाडीत एअर फिल्टरपासून सुरुवात करा. मळणीचा भुसा जाळीत भरतोच, पण काढणीच्या दिवसांत उंदीर एअर फिल्टरच्या डब्यात घर करतात हेही लक्षात ठेवा. चिंध्या आणि दाणे निघतात. कागदी फिल्टर पाण्याने धुवायचा नाही. आतून बाहेर हलकी हवा मारायची; कागद फाटलेला किंवा तेलकट असेल तर बदलायचा. ऑइल बाथचा फिल्टर असेल तर चिखल झालेलं ऑइल काढून डबा धुवा. टर्बो असेल तर रबरी होज चाचपा. फाटलेल्या जागी काजळी-तेलाचा ओला पट्टा दिसतो, आणि लोडवर नेहमीपेक्षा वेगळी शीळ ऐकू येते. अडकलेला ईजीआर व्हॉल्व्हही (जळालेला थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) असाच धूर काढतो.

आता एक सक्त सूचना. पंपापासून प्रत्येक नोझलला स्वतंत्र लोखंडी नळी जात असेल तर पंप जुन्या पद्धतीचा आहे. नळ्या एका जाड रेलमध्ये जाऊन तिथून नोझलला जात असतील तर गाडी कॉमन रेल आहे. जुन्या पंपाच्या गाडीत मिस्त्री एकेका नोझलचा नट सैल करून कोणता सिलिंडर काम करत नाही ते ओळखतात. कॉमन रेलमध्ये हे कधीही करायचं नाही. तिथे दाब हजार बारच्या वर जातो. सुईएवढी धारही कातडीत घुसते. जखम छोटी दिसते, पण आत गेलेलं डिझेल बोट गमवायला लावू शकतं. जुन्या पंपाच्या धारेपुढेही उघडा हात नको. असं काही झालंच तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना. कॉमन रेल गाडी दमत असेल आणि चेक लाइट लागला असेल, तर फिल्टर बघून झाल्यावर स्कॅनर लावणाऱ्याकडेच न्या.

काही ठिकाणी पंपाचा सील तोडून डिझेलचा स्क्रू वाढवून देतात. गाडी दोन दिवस खूश वाटते. हवा तेवढीच असल्यामुळे जास्तीचं डिझेल धूर होऊन जातं, इंजिन तापतं, पिस्टनची वाट लागते आणि पीयूसी मिळत नाही. मूळ दोष जागेवरच राहतो. पंप-नोझलचं काम करायचंच असेल तर कॅलिब्रेशनच्या मशीनवर पंप लावणाऱ्याकडे करा, आणि जुने सुटे भाग परत मागून घ्या.

एवढं सगळं नीट निघालं तरच इंजिनकडे वळा. गरम इंजिन स्लोवर ठेवून ऑइलचं झाकण काळजीपूर्वक उघडा. धूर धक्के मारत जोरात बाहेर येत असेल, ऑइलही पीत असेल, तर रिंग-लायनर झिजले आहेत. तरीही टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट) आणि कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय हेड उघडायला हो म्हणू नका. काम निघालंच, तर द्राक्षाचा हंगाम तोंडावर येण्याआधी आत्ताच उरकून घ्या. नव्या रिंगा बसेपर्यंत पहिले हजार-दीड हजार किलोमीटर गाडी हलक्या लोडवर चालवावी लागते, आणि जानेवारीनंतर ती मोकळीक मिळणार नाही.