बारगीर की शिलेदार? जुना कागद वाचताना आधी घोड्याचा मालक शोधा

मराठेशाहीच्या घोडदळाचा कागद हाती आला की बारगीर, शिलेदार, राऊत, स्वार या सगळ्यांना सरसकट ‘घोडेस्वार’ म्हणून पुढे जाऊ नका. राऊत (मूळ ‘राजपुत्र’) आणि स्वार हे शब्द घोड्यावरच्या कुठल्याही शिपायाला चालतात. बारगीर आणि शिलेदार यांच्यात मात्र घोडा मेला तर भुर्दंड कोणाला, हे दडलेलं असतं. म्हणून पहिला प्रश्न एकच विचारायचा: घोडा कोणाचा?

शिलेदाराचं घोडं आणि हत्यार त्याचं स्वतःचं. हा शब्द फारसी ‘सिलाहदार’वरून आला. सिलाह म्हणजे शस्त्र, ‘शील’शी त्याचा काही संबंध नाही. ‘सिलेदार’ असं लिहिलेलं आढळलं तरी दुसरा शब्द समजू नका. बारगीर म्हणजे शब्दशः भार वाहणारा. फारसीत तो जनावराला लागतो, आपल्याकडे वर बसणाऱ्याला लागला.

इथेच बहुतेकांची चूक होते. बारगीर म्हणजे ‘सरकारी स्वार’ असं पाठ केलेलं असतं. शिवकाळच्या पागेत, म्हणजे सरकारी घोडदळात, ते बरोबर आहे, कारण तिथे घोडं सरकारचं. पण चार-पाच घोडी बाळगणारा शिलेदारही उरलेल्या घोड्यांवर आपली माणसं बसवी, आणि तीही बारगीरच. तेव्हा बारगीर या शब्दावरून घोडा त्याचा स्वतःचा नाही एवढंच ठरतं. मालक सरकार की शिलेदार, ते मागच्यापुढच्या ओळींत शोधावं लागतं.

मग आकडे पाहा. माणसं ‘असामी’ने मोजतात, घोडी ‘रास’ने. दोन्ही आकडे वेगळे टिपून घ्या. बेरजेत मिसळले की फौज फुगते.

हुद्द्यावरून संख्या काढायची असेल तर सभासद बखरीतली (शिवाजी महाराजांच्या चरित्राची जुनी बखर) रचना धरा. २५ बारगिरांवर एक हवालदार, ५ हवालदारांवर जुमलेदार, १० जुमल्यांवर हजारी, ५ हजाऱ्यांवर पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत, म्हणजे घोडदळाचा सेनापती. गुणाकार करून पाहा: जुमला १२५चा, हजारी १,२५०चा. ‘हजारी’ दिसला म्हणून १,००० लिहिणं चूक. शिवाय दर २५ घोड्यांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा) आणि एक नालबंद (नाल ठोकणारा) असे. ते लढाऊ स्वारांत धरायचे नाहीत. हे गणित पागेचं आहे. पेशवाईत शिलेदारांचा भरणा वाढला, त्या पथकांना ते लावू नका.

पेशवाईच्या हिशेबात ‘नालबंदी’ दिसली तर ती नाल ठोकण्याची मजुरी समजू नका. मोहिमेआधी घोडं-माणूस तयार ठेवण्यासाठी शिलेदाराला दिलेली ती आगाऊ रक्कम असते.

बंगालच्या मजकुरात ‘बर्गी’ आला तर अर्थ पुन्हा बदलतो. १७४१ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा तिथे गेल्या आणि बारगीर हे नाव सगळ्याच मराठा स्वारांना चिकटलं. तिथे पागा आणि शिलेदार असा भेद शोधत बसू नका. इंग्रजी अमदानीतल्या ‘सिलादार’ रिसाल्यांत (घोडदळाच्या पलटणींत) मात्र तो भेद शाबूत आहे: पहिल्या महायुद्धापर्यंत तिथे दुसऱ्याच्या घोड्यावर बसणाऱ्याला बारगीरच म्हणत.