शोभेच्या जपानी तलवारीची किंमत ठरवताना या चुका टाळा

कतानाची (लांब जपानी तलवारीची) प्रतिकृती हातात आली की सगळे आधी पात्याची चमक पाहतात, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. सुरुवात मुठीपासून करा.

मुठीच्या बाजूला बांबूची बारीक खिळी असते, तिला मेकुगी म्हणतात. ती खरी असेल तर लहान पितळी हातोडीने आणि बोथट पंचने बाहेर ढकलता येते. मग मूठ डाव्या हातात उभी धरा, पाते किंचित तिरके राहू द्या आणि उजव्या हाताची मूठ वळून तिने डाव्या मनगटावर हलके ठोके द्या. पाते सैल होऊन वर सरकते. खिळी हलतच नसेल, किंवा मुठीच्या टोकाला नट दिसत असेल, तर आत बहुधा पात्याला वेल्ड केलेली बारीक सळई आहे. अशा वेळी जोर लावू नका. ती वस्तू केवळ भिंतीवर टांगण्यासाठी आहे, किंमतही तशीच लावा. फिरवली तर वेल्ड तुटून पाते उडू शकते.

पाते सुटलेच, तर मुठीत जाणाऱ्या भागाला (नाकागो) सँडपेपर लावू नका. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हातात आलेली तलवार प्रतिकृती नसून खरी जुनी निघाली, तर तिचे वय याच भागाच्या गंजावरून वाचतात. जुना गंज काळपट-तपकिरी आणि घट्ट असतो. रसायनाने आणलेला नारिंगी असतो आणि बोटाला भुकटी लागते. इथे एखाद्या मोठ्या लोहाराची सही कोरलेली दिसली तरी हुरळू नका. कोतेत्सु या नामांकित लोहाराच्या खोट्या सह्या तर जपानमध्येच कुप्रसिद्ध आहेत.

आता पाते. धारेजवळची नागमोडी पांढरी रेषा म्हणजे हामोन. खऱ्या पात्यावर मातीचा लेप देऊन पाणी दिल्यामुळे धार कठीण आणि पाठ मऊ राहते, त्या सीमेवर ती उमटते. शोभेच्या तलवारीवर ती आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने काढलेली असते. खोलीतले दिवे मालवून एकच बल्ब ठेवा, पाते त्याच्याकडे रोखून डोळ्यांच्या रेषेत धरा आणि सावकाश फिरवा. खऱ्या हामोनमध्ये धुक्यासारखी कड आणि बारीक चकाकते कण दिसतात. आम्लाचा पट्टा कुठूनही पाहा, तसाच सपाट करडा राहतो. टोकाजवळची आडवी रेषाही (योकोते) नखाने तपासा. ती दोन पृष्ठभागांच्या कंगोऱ्याने बनलेली हवी. नुसती घासून काढलेली असेल तर नखाला काहीच लागत नाही.

चुंबकाच्या भरवशावर निकाल देऊ नका. ४२० आणि ४४० या प्रतींच्या स्टेनलेसलाही चुंबक चिकटते, म्हणून चिकटले की उत्तम पोलाद असे ठरत नाही. उलट चिकटले नाही म्हणून माल टाकाऊ, हेही खरे नाही. जपानमध्ये १९५८ च्या कायद्याने तलवारींवर कडक बंधने आहेत, म्हणून सरावाच्या बिनधारी तलवारी (इआइतो) जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत ओततात. त्यावर धार टिकत नाही, पण गिफू प्रांतातल्या सेकी शहरातली चांगली इआइतो अनेक पोलादी प्रतिकृतींपेक्षा मोलाची असते. तिच्यावर ब्रासो किंवा तसले पॉलिश घासू नका, वरचा मुलामा निघतो.

‘हजार घड्यांचे पोलाद’ या दाव्याला काडीची किंमत देऊ नका. दहा घड्यांतच १,०२४ थर होतात आणि लोहार साधारण तेवढ्या किंवा थोड्या जास्तच घड्या घालतो.

विक्रेत्याने सोबत दिलेला ‘अस्सलतेचा दाखला’ बहुधा कारखान्याचा असतो. जपानी नोंदणीपत्र (तोरोकुशो) वेगळे. खरी तलवार देशाबाहेर जाताना ते परत करावे लागते, त्यामुळे भारतात ते तलवारीसोबत आले तर तो भरवशाचा नव्हे, संशयाचा मुद्दा आहे.

लांबी टोकापासून मुठीजवळच्या पाठीवरील खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजा, मुठीची लांबी त्यात धरू नका. कतानाचे पाते ६०.६ सेंमी किंवा जास्त, वाकिझाशीचे ३०.३ ते ६०.६, त्याखाली तांतो. तिघांचा संच आजच्या सजावटीसाठी आहे, सामुराईची जोडी दोनचीच होती.

मूठ खुळखुळत असेल तर आधी नवी बांबूची खिळी बसवा, तरी हलली तर गार्डजवळ एक जास्तीची पातळ चकती (सेप्पा) घाला. फेव्हिक्विक ओतू नका, पुढे खोलताना लाकूड फुटते. म्यान सैल असेल तर तोंडाच्या आत दोन्ही सपाट बाजूंना पातळ लाकडी पापुद्रा चिकटवा, धारेच्या बाजूला नको. कार्बन पोलादाचे पाते पावसाळ्यात महिन्यातून एकदा पुसून त्याला तेलाचा अगदी पातळ हात द्या. उघड्या पात्याला बोट लावू नका, घामाचे ठसे गंजतात.

भारतात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्र नियमांच्या कक्षेत येतात. बोथट प्रतिकृती मागवण्याआधीही जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या.