पहिले ग्वाश रंग कसे निवडावेत

महाराष्ट्रात एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला बसलेल्या बहुतेकांनी पोस्टर कलरची बाटली हाताळलेली असते, आणि त्या अर्थाने ग्वाश रंग आपल्याला अगदीच परके नाहीत. दोन्ही पाण्यात मिसळणारे, दोन्ही अपारदर्शक आणि दोन्ही वाळल्यावर चकाकी न येणारे. तरीही दुकानात ग्वाश मागितल्यावर समोर येणाऱ्या ट्यूब, कप, संच आणि किमती पाहून नवखा माणूस गोंधळतो आणि शेवटी सर्वांत जास्त रंग असलेला संच उचलतो. माझ्या मते सुरुवात याच्या उलट व्हावी: रंग थोडे घ्यावेत, पण प्रत्येक रंगाच्या ट्यूबमध्ये काय भरले आहे ते वाचून घ्यावेत.

निवडीआधी ग्वाश म्हणजे काय हे नीट समजून घेणे आवश्यक आहे. पारदर्शक जलरंगाप्रमाणे ग्वाशमध्येही रंगद्रव्याची बारीक पूड डिंकाच्या पाण्यात घोटलेली असते. फरक एवढाच की ग्वाशमध्ये रंगद्रव्याचे प्रमाण अधिक असते, आणि काही उत्पादक अपारदर्शकता वाढवण्यासाठी खडूसारखा पांढरा भरणाही घालतात. त्यामुळे जलरंगात जो उजेड कागदाच्या पांढरेपणातून मिळतो, तो येथे पांढऱ्या रंगातून मिळवावा लागतो, आणि गडद रंगावर फिकट रंगाचा हात देता येतो. मुघल, राजपूत आणि पहाडी लघुचित्रे याच जातीच्या रंगांत काढलेली आहेत. संग्रहालयांतील त्यांच्या पट्ट्यांवर ‘कागदावर अपारदर्शक जलरंग’ अशी नोंद असते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अशी लघुचित्रे जवळून पाहता येतात, आणि सपाट, दाट, तरीही तेजस्वी रंग कसा दिसावा याची कल्पना येण्यासाठी ती आवर्जून पाहावीत.

पायरी १ : प्रकार ठरवा

ग्वाशच्या नावाखाली बाजारात स्वभावाने पूर्णपणे वेगळे असे दोन रंग मिळतात. पारंपरिक ग्वाश डिंकाचा असतो. तो वाळल्यावरही पाणी लागताच पुन्हा सुटतो. अ‍ॅक्रिलिक ग्वाशमध्ये डिंकाऐवजी अ‍ॅक्रिलिकचे माध्यम असते. तो एकदा वाळला की पाण्याने हलत नाही, आणि ब्रशमध्ये वाळला तर बहुधा ब्रशच निकामी होतो. नावांतील साम्यामुळे येथे फसगत होते. होल्बाइन या जपानी उत्पादकाचे ‘आर्टिस्ट्स ग्वाश’ आणि ‘अ‍ॅक्रिला ग्वाश’ असे दोन्ही प्रकार मिळतात, आणि घाईत एकाऐवजी दुसरा उचलला जाणे सहज शक्य आहे. म्हणून ऑनलाइन मागवताना ‘अ‍ॅक्रिलिक’, ‘अ‍ॅक्रिला’ किंवा ‘वाळल्यावर पाण्याने न सुटणारा’ असे शब्द वर्णनात आहेत का, ते आधी पाहावे.

नवशिक्याने पारंपरिक ग्वाशपासूनच सुरुवात करावी असे मला ठामपणे वाटते. वाळलेल्या रंगाची कड ओल्या ब्रशने मऊ करता येते, चुकलेला भाग उचलता येतो आणि पॅलेटवर वाळलेला रंग दुसऱ्या दिवशी पाणी घालून पुन्हा वापरता येतो. या सवलतींची किंमतही असते: वरचा हात जास्त ओला झाला तर खालचा रंग सुटून वर येतो आणि छटा गढूळ होते. पण याच अडचणीतून ब्रशमध्ये पाणी किती ठेवावे हे हाताला कळते. ज्यांना थरांवर थर चढवून सपाट, ठळक सजावटीचे काम करायचे आहे, त्यांच्यासाठी मात्र अ‍ॅक्रिलिक ग्वाश योग्य ठरतो.

आणि पोस्टर कलर? ते टाकाऊ नक्कीच नाहीत. मोठ्या कागदावर रचना बसवण्यासाठी आणि हात मोकळा करण्यासाठी ते स्वस्त आणि पुरेसे आहेत. मात्र त्यांत भरणा जास्त असल्याने मिश्रणे लवकर फिकी आणि खडूसारखी होतात, आणि टिकाऊपणाविषयीची माहिती बहुतेक वेळा बाटलीवर नसते. ग्वाशवर होणारा जादा खर्च मुख्यतः या दोन गोष्टींसाठी असतो.

पायरी २ : ट्यूब की कप, हे आपल्या हवेनुसार ठरवा

सध्या हिमीसारख्या उत्पादकांचे जेलीसारखा रंग भरलेल्या कपांचे संच फार लोकप्रिय आहेत. एका डब्यात ओळीने उघडे कप, भरपूर रंग आणि कमी किंमत यांमुळे ते नवशिक्याला ओढून घेतात. सरावासाठी ते वाईट नाहीत. पण आपल्याकडच्या हवेचा विचार करूनच ते घ्यावेत. पावसाळ्यात मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात ओलसर डिंकावर बुरशी फार लवकर धरते, आणि उघड्या कपांत एकदा बुरशी शिरली की ती एका कपातून दुसऱ्यात जाते. विदर्भाच्या उन्हाळ्यात याच्या उलट घडते: तेच कप आटून आक्रसतात आणि त्यांना तडे जातात. शिवाय एका रंगाचा ब्रश दुसऱ्या कपात बुडाला की तो रंग कायमचा मळतो.

ट्यूबमधील रंग बंद राहतो, हवा तेवढाच बाहेर काढता येतो आणि संपलेला एकच रंग पुन्हा विकत घेता येतो. नियमित काम करायचे असेल तर ट्यूबच घ्याव्यात. ट्यूब पहिल्यांदा उघडल्यावर कधीकधी आधी पिवळसर, चिकट पाणी बाहेर येते. ते वेगळे झालेले डिंकाचे माध्यम असते, आणि ते टाकून दिले तर मागे राहणारा रंग कोरडा होऊन कागदावर तडकतो. त्यामुळे झाकण लावून ट्यूब बोटांनी तळापासून नीट चोळावी, किंवा तोंडातून दातकोरणी घालून आतला रंग ढवळावा. काही उत्पादक माध्यमात मध घालतात. असा रंग पॅलेटवर सहज भिजतो, परंतु दमट हवेत तो लवकर कोरडा होत नाही, म्हणून किनारपट्टीच्या भागात तो टाळलेला बरा.

पायरी ३ : ट्यूबवरील बारीक अक्षरे वाचा

सर्वांत जास्त वेळ या पायरीवर घालवावा. रंगाचे नाव ही उत्पादकाची मर्जी असते. खरी ओळख असते ती रंगद्रव्याच्या सांकेतिक क्रमांकात. ‘पीबी २९’ म्हणजे अल्ट्रामरीन निळा, ‘पीबी १५’ म्हणजे थॅलो निळा, ‘पीडब्ल्यू ६’ म्हणजे टायटॅनियम पांढरा. हे क्रमांक जगभर सारखेच असल्याने दोन कंपन्यांचे रंग नावाच्या भुरळीत न अडकता ताडून पाहता येतात. शक्यतो एकच क्रमांक असलेली ट्यूब घ्यावी, कारण एका रंगद्रव्याचा रंग दुसऱ्यात मिसळल्यावर स्वच्छ राहतो. आधीच तीन रंगद्रव्यांपासून बनलेला रंग आणखी दोघांत मिसळला की राखाडीकडे झुकतो. नावापुढे ‘ह्यू’ असा शब्द असेल तर मूळ रंगद्रव्याऐवजी त्यासारखी दिसणारी दुसरी द्रव्ये वापरली आहेत असे समजावे. ‘कॅडमियम यलो ह्यू’मध्ये कॅडमियम नसते, आणि नवशिक्याच्या दृष्टीने तो दोष नव्हे, ते स्वस्त आणि हाताळायला निर्धोक असते.

दुसरी गोष्ट म्हणजे उजेडातील टिकाऊपणा. ग्वाशचा मोठा ग्राहक पूर्वी जाहिरात आणि छपाईच्या क्षेत्रातील संकल्पक होता. चित्राचे छायाचित्र घेऊन ते छापले की मूळ चित्राचे काम संपत असे, म्हणून त्या काळापासून ग्वाशच्या यादीत दिसायला झळझळीत पण उन्हात लवकर उडणारे अनेक रंग राहिले आहेत. ऑपेरा गुलाबी, काही झगझगीत जांभळे आणि ‘पीआर ८३’ या द्रव्याचा अ‍ॅलिझरिन क्रिमझन ही त्यांची उदाहरणे. विन्सर अँड न्यूटनच्या ट्यूबवर टिकाऊपणा एए, ए, बी, सी अशा अक्षरांनी दाखवतात. त्यांपैकी पहिल्या दोन दर्जांचे रंग निश्चिंतपणे घ्यावेत, आणि सी दर्जाचा रंग भिंतीवर लावायच्या चित्रात मुळीच वापरू नये. इतर कंपन्या तारे किंवा रोमन आकडे वापरतात. ज्या संचावर रंगद्रव्याचा क्रमांकही नाही आणि टिकाऊपणाची खूणही नाही, तो केवळ सरावाचा मानावा.

पायरी ४ : सात रंग आणि पांढरा

लेमन यलो (पीवाय ३), यलो ऑकर (पीवाय ४२ किंवा ४३), केशरीकडे झुकणारा लाल (पीआर २५४), गुलाबीकडे झुकणारा लाल (पीव्ही १९ किंवा पीआर १२२), अल्ट्रामरीन, थॅलो निळा आणि बर्न्ट अंबर (पीबीआर ७) एवढे सात रंग निसर्गचित्र, वस्तुचित्र आणि व्यक्तिचित्र या तिन्हींना पुरतात. थॅलो निळ्याचा जोर जबरदस्त असतो, त्यामुळे तो ब्रशच्या टोकावर घेऊन थोडाथोडाच मिसळावा. काळा सुरुवातीला नसला तरी चालतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर जवळपास सारख्या प्रमाणात मिसळले की काळ्याच्या अगदी जवळचा गडद रंग मिळतो, आणि त्यातील निळा किंवा तपकिरी वाढवून सावली थंड किंवा उबदार करता येते.

हिरव्याची ट्यूब घेण्याचा मोह बहुतेकांना होतो, विशेषतः पावसाळ्यातील सह्याद्री रंगवायचा असेल तेव्हा. पण त्याच डोंगरात किती वेगवेगळे हिरवे असतात ते पाहावे. पायाशी असलेल्या भातखाचरांचा पोपटी रंग लेमन यलोमध्ये थॅलोचा जरासा अंश घालून येतो. मधल्या झाडीसाठी अल्ट्रामरीन आणि यलो ऑकर लागतात. कातळालगतच्या शेवाळी पट्ट्यासाठी त्याच मिश्रणात बर्न्ट अंबर घालावा. आणि ढगांत बुडालेली दूरची रांग तर हिरवी नसतेच. ती अल्ट्रामरीन, भरपूर पांढरा आणि गुलाबी लालाचा किंचित स्पर्श यांतून उभी राहते. एका तयार हिरव्या ट्यूबने हे सारे टप्पे सपाट होऊन जातात.

पायरी ५ : पांढऱ्यावर पैसे खर्च करा

ग्वाशमध्ये सर्वांत आधी संपतो तो पांढरा, म्हणून इतर रंगांच्या १४-१५ मिलिलिटरच्या ट्यूब घेतल्या तरी पांढऱ्याची मोठी ट्यूब घ्यावी. टायटॅनियम पांढरा (पीडब्ल्यू ६) सर्वाधिक झाकणारा असतो; पाण्यावरची चमक किंवा गडदावरची फिकट रेघ त्यानेच उठते. झिंक पांढरा (पीडब्ल्यू ४) तुलनेने कमी झाकतो, पण त्याच्या मिश्रणात मूळ रंगाची नितळता अधिक टिकते. एकच घ्यायचा असेल तर टायटॅनियम घ्यावा. बाकीचे रंग मध्यम दर्जाचे घेऊनही पांढरा मात्र चांगल्या दर्जाचा घ्यावा, कारण चित्रातील बहुतेक प्रत्येक मिश्रणात तो असतो आणि त्याचा खडूपणा सगळीकडे पसरतो.

पायरी ६ : घरी आणल्यावर पारखून घ्या

पूर्ण संचाऐवजी आधी दोन-तीन ट्यूब आणाव्यात आणि त्यांवर पुढील चाचण्या कराव्यात. जाड कागदावर पाण्याने न फुटणाऱ्या काळ्या मार्करने एक रेघ ओढावी, ती पूर्ण वाळू द्यावी आणि तिच्यावरून साईइतका दाट रंग एकाच हाताने ओढावा. रेघ किती झाकली जाते त्यावरून अपारदर्शकता कळते. थॅलोसारखी काही द्रव्ये मुळातच पारदर्शक असल्याने त्यांच्याखाली रेघ थोडी दिसली तर तो दोष मानू नये. दुसऱ्या चाचणीत रंगाचा जाड थर वाळवून कागद हलका वाकवावा आणि त्यावरून बोट फिरवावे. थर तडकला किंवा बोटाला पूड लागली, तर माध्यम कमी आणि भरणा जास्त आहे असे समजावे.

तिसरी चाचणी वेळ घेते, पण ती टाळू नये. प्रत्येक रंगाची एक पट्टी रंगवून तिचा अर्धा भाग काळ्या कार्डाने घट्ट झाकावा, तारीख लिहावी आणि ती ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवावी. दोन-तीन महिन्यांनी कार्ड काढून दोन्ही अर्धे भाग शेजारी शेजारी पाहावेत. आपल्याकडील कडक उन्हात कच्चे गुलाबी आणि जांभळे रंग एवढ्यात स्पष्टपणे उतरलेले दिसतात.

याच वेळी प्रत्येक रंगाचा ओला आणि वाळलेला नमुना पाहण्याची सवय लावावी. ग्वाशमध्ये फिकट मिश्रणे वाळल्यावर साधारणपणे थोडी गडद होतात, तर गडद रंग थोडे फिके पडतात. हा बदल प्रत्येक कंपनीच्या रंगात कमी-अधिक असतो, म्हणून चित्रात लावण्याआधी छटा त्याच कागदाच्या तुकड्यावर वाळवून पाहावी.

पायरी ७ : कागद, ब्रश आणि साठवण

कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) घ्यावा; पातळ कागद ओलाव्याने फुगतो आणि वाळल्यावर त्यावरील रंग तडकू शकतो. ब्रश सिंथेटिक केसांचे पुरेत: एक अर्धा इंची चपटा, एक सहा क्रमांकाचा गोल आणि बारीक कामासाठी एक लहान. ब्रशला टोक काढण्यासाठी तो ओठांत धरण्याची सवय अनेकांना शाळेपासून असते. ती सोडावी, कारण कॅडमियम किंवा कोबाल्टसारखी द्रव्ये पोटात जाणे चांगले नाही.

पॅलेटवर उरलेला रंग घट्ट झाकणाच्या डब्यात, शेजारी ओलसर स्पंज ठेवून, दोन-चार दिवस मऊ ठेवता येतो. पावसाळ्यात मात्र स्पंज काढून रंग पूर्ण वाळू द्यावा आणि लागेल तेव्हा पुन्हा भिजवावा, कारण बंद डब्यातील ओलाव्यातच बुरशी वाढते. आंबट किंवा कुबट वास येणारा रंग शेजारच्या रंगांना लागण्याआधी काढून टाकावा.

या सात रंगांत आठ-दहा चित्रे झाल्यावर एखादी छटा वारंवार प्रयत्न करूनही मिश्रणातून मिळत नाही असे लक्षात येते. फुले काढणाऱ्याला ती बहुधा स्वच्छ जांभळ्याची जाणवते, तर सूर्यास्त रंगवणाऱ्याला झळझळीत केशरी हवासा वाटतो. आठवी ट्यूब तेव्हा घ्यावी, आणि तीही क्रमांक व टिकाऊपणा वाचूनच.