व्हिनेगरमध्ये आम्ल किती? अनुमापन करून मोजा

व्हिनेगरच्या बाटलीवर ॲसेटिक आम्लाचं प्रमाण छापलेलं असतं, साधारण ४ ते ५ टक्के. ते अनुमापनाने पडताळता येतं: माहीत तीव्रतेचा अल्क थेंबथेंब घालून, आम्ल पूर्ण संपवायला तो किती लागतो ते मोजायचं. व्हिनेगर पांढरंच घ्या; तपकिरी घेतलंत तर दर्शकाचा (आम्ल संपल्याचं रंगाने सांगणाऱ्या पदार्थाचा) रंग दिसत नाही.

१०० मिलीची खूण असलेल्या चंबूत १० मिली व्हिनेगर घ्या आणि ऊर्ध्वपातित पाण्याने खुणेपर्यंत भरा. ब्युरेटमध्ये (खाली तोटी असलेल्या, मापाच्या खुणांच्या उभ्या नळीत) ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) सोडिअम हायड्रॉक्साइड हा अल्क लागेल. हा पदार्थ हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषतो, म्हणून वजनावर विसंबू नका. त्याची तीव्रता आधी ऑक्झॅलिक आम्लाने ठरवून घ्या. डोळ्यांवर चष्मा हवाच.

बहुतेकांचं उत्तर चुकतं ते भांडी विसळताना. ब्युरेट आणि पिपेट (ठरावीक माप ओढून घेणारी नळी) ज्या द्रावणाने भरायचे, त्याच द्रावणाने विसळा, नाहीतर आत राहिलेलं पाणी ते विरल करतं. शंकुपात्र (ज्यात अनुमापन होतं ते पात्र) मात्र फक्त ऊर्ध्वपातित पाण्याने. ते आम्लाने विसळलं, तर मोजलेल्या १० मिलीपेक्षा जास्त आम्ल आत जातं. पात्रात पाणी राहिलं तर बिघडत नाही, कारण आम्लाचे रेणू तेवढेच राहतात.

ब्युरेट भरल्यावर नरसाळं काढा, तोटीतला बुडबुडा घालवा, डोळे पातळीच्या रेषेत आणून वाचन घ्या. रबरी फुग्याने (तोंडाने कधीच नाही) १० मिली विरल व्हिनेगर शंकुपात्रात सोडा. पिपेटच्या टोकाशी उरलेला थेंब फुंकू नका. मापात तो धरलेला नसतो. फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचे दोन थेंब टाका. मिथिल ऑरेंज इथे चालत नाही: उदासीनीकरणानंतर द्रावण किंचित अल्कधर्मी असतं आणि मिथिल ऑरेंज त्याच्या कितीतरी आधीच रंग बदलतं.

खाली पांढरा कागद ठेवा. एका हाताने तोटी, दुसऱ्याने पात्र गोल फिरवत राहा. गुलाबी छटा रेंगाळू लागली की एकेक थेंब सोडा. अगदी फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. नंतर तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे उडतो, तेव्हा आणखी थेंब घालू नका. गडद गुलाबी झालं तर ते वाचन सोडून द्या. ०.१ मिलीच्या आत जुळणारी तीन वाचनं मिळवा.

समजा ८.२ मिली लागले. ०.१ × ८.२ ÷ १० = ०.०८२ मोलर. दहापट विरल केलं होतं, म्हणून मूळ ०.८२. त्याला ६० ने (एक मोल ॲसेटिक आम्लाचं ग्रॅममधलं वजन) गुणा: लिटरमागे ४९.२ ग्रॅम, म्हणजे ४.९ टक्के.

ब्युरेट लगेच धुवा. अल्क आत राहिला की काचेची तोटी घट्ट बसते.